चपाती खाणारं माकड पुरावा ठरतं का?

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी आगारापासून येऊरचा पायथा रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि आमच्या कामाची पत लोक बरीचशी या अंतरावरूनच ठरवतात. माकडांच्या वागण्याचा अभ्यास म्हटला की डोळ्यांपुढे टांझानियातलं गोंबे येतं, किर्र जंगल येतं, तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या जेन गुडाल येतात. इथे अभ्यासाचा विषय कठड्यावर बसून वेफर्सचं पाकीट दातांनी फाडत असतो आणि दोन पावलांवर कुणीतरी मोबाइल रोखून उभं असतं. ही बॉनेट मकाक जातीची माकडं: लांब शेपटी, उघडं तोंड, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखा केसांचा भोवरा. काळ्या तोंडाची वानरंही याच डोंगरात आहेत, पण ती मुख्यतः पाल्यावर जगतात आणि माणसाच्या डब्यात त्यांना मकाकांइतका रस नसतो. या कामात पडलेल्या कुणालाही एक प्रश्न चुकत नाही. चपाती खाऊन वाढलेलं हे माकड ‘खरं’ राहिलंय का, आणि त्याच्यावरून माणसाच्या उत्क्रांतीबद्दल काय डोंबल कळणार? प्रश्न रास्त आहे. मात्र इतकी वर्षं नोंदी घेऊन आणि त्या चाळून माझं मत उलट बाजूला पक्कं होत गेलं आहे. माणसाच्या शेजाराने माकड पुरावा म्हणून बाद होत नाही. त्या शेजाराचा हिशेब न ठेवता लिहिलेली नोंद मात्र बाद होते. आणि हिशेब नीट ठेवला तर काही बाबतींत हे रस्त्यावरचं माकड दुर्गम रानातल्या माकडापेक्षा जास्त सांगून जातं.

‘खरं माकड’ या शब्दांमागे एक समजूत दडलेली असते: कुठेतरी, कधीतरी, माणसाचा हात न लागलेली मूळ स्थिती होती आणि अभ्यास करायचा तर तिचाच. आपल्या डोंगरापुरतं बोलायचं तर अशी स्थिती शोधायला किती मागे जायचं? येऊरच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, बहुतेक लेण्यांजवळ पाण्याची टाकी, आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून जवळजवळ हजार वर्षं चाललेली वस्ती. तिथल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत, म्हणजे या डोंगरात माणसांची आणि मालाची ये-जा ही काही आजची गोष्ट नाही. जिथे इतक्या पिढ्या माणसं राहिली, जेवली, पाणी साठवत आली, तिथली माकडं लांबूनच बघत बसली असतील हे मानणं कठीण आहे. आणखी मागे जायचं तर याच डोंगररांगेच्या पश्चिम पायथ्याशी, कांदिवलीला, के. आर. यू. टॉड यांना १९३०च्या दशकात अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली होती. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची हत्यारं शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची ठरवली आहेत. हत्यारं करणारा दोन पायांचा प्राणी आणि मकाक या भूमीवर किती काळ शेजारी असतील याचा अंदाज त्यावरून येतो. माणूस हा माकडांच्या परिसराचाच एक भाग आहे, पाऊस आणि बिबट्या आहेत तसा. त्याला वगळून उरेल ते माकड कागदावरचं.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, आणि तिचा सर्वांत भक्कम पुरावा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला आहे. १९२५ मध्ये तिथे ‘मंकी हिल’ नावाच्या बांधीव टेकडीवर हमाद्र्यास जातीचे शंभरेक बबून सोडले गेले. जवळजवळ सगळे नर होते, माद्या मोजक्याच. पुढची काही वर्षं तिथे मारामाऱ्यांचं आणि मृत्यूंचं सत्र चाललं. सॉली झुकरमन यांनी त्यावर १९३२ मध्ये पुस्तक लिहिलं आणि माकडांचा समाज मुळात लैंगिक ओढीवर आणि नरांच्या दांडगाईवर उभा असतो असा निष्कर्ष काढला. तो बराच काळ चालला, आणि माणसाच्या आदिम स्वभावाबद्दल बोलणाऱ्यांनी तो हौसेने वापरला. पुढे १९६०च्या दशकात हान्स कुमर यांनी इथिओपियात हेच बबून मोकळ्यावर पाहिले. तिथे एकेका नराभोवतीची कुटुंबं, कुटुंबांचे गट, गटांच्या टोळ्या अशी नीट घडी होती आणि रोजचा रक्तपात नव्हता. झुकरमन यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. पण अनोळखी नर एका तुटपुंज्या जागेत कोंबणं आणि मादींची संख्या मोजकी ठेवणं ही माणसाची करणी होती, आणि ती निष्कर्षात धरलीच गेली नाही. माझ्या दृष्टीने चूक तिथे आहे. त्याच टेकडीकडे ‘नर-मादींचं प्रमाण विस्कटलं तर काय होतं’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाहिलं असतं तर ती एक चांगली नोंद ठरली असती.

याच वादाची भारतातली आवृत्ती अधिक गुंतागुंतीची आहे, आणि आमच्या क्षेत्रात शिकण्यासारखं तीत जास्त आहे. १९५८ ते १९६०च्या सुमारास फिलिस जे यांनी ओर्छाच्या रानात आणि उत्तर प्रदेशातल्या कौकोरी गावाजवळ वानरांचा अभ्यास केला. त्यांना दिसलेली वानरं शांत, एकमेकांना सांभाळून घेणारी होती. थोड्याच काळाने, १९६२ मध्ये, आपल्या सीमेपलीकडच्या धारवाडला युकिमारू सुगियामा यांना वेगळंच दिसलं: बाहेरच्या नराने टोळीतल्या नराला हुसकावून ताबा घेतला आणि त्यानंतर टोळीतली दूधपिती पिल्लं मारली गेली. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही अशाच घटना नोंदवल्या. सारा ब्लॅफर हर्डी यांनी १९७१पासून अबूच्या पहाडावर काम करून त्याला उत्क्रांतीचं गणित लावलं. अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही, नव्या नराची सद्दी फार वर्षांची नसते, म्हणून आधीच्या नराचं पिल्लू मारणाऱ्या नराची स्वतःची संतती वाढते. हे म्हणणं ऐकायला क्रूर होतं आणि हनुमानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याबद्दल तर आणखीच अप्रिय. शास्त्रीय आक्षेप मात्र वेगळा होता. जे यांनी, तेव्हा त्या फिलिस डोलहिनो नावाने लिहीत होत्या, रिचर्ड कर्टिन यांच्यासह १९७८ मध्ये मांडलं की धारवाड, जोधपूर, अबू ही सगळी ठिकाणं माणसाने विस्कटलेली आहेत. तिथे वानरांची दाटी आहे, खाणं लोकांकडून मिळतं, आणि पिल्लं मारणं हा त्या दाटीचा विकार आहे, स्वभाव नव्हे. शब्दशः येऊरबद्दल ऐकू येतो तोच आक्षेप.

त्याचं उत्तर कसं मिळालं ते पाहण्यासारखं आहे. हुज्जत घालून कुणी जिंकलं नाही. आक्षेपातून जी गोष्ट निघते ती तपासली गेली. विकार दाटीचा असेल तर जिथे वानरांना कुणी खायला घालत नाही तिथे तो दिसायला नको. नेपाळमधल्या रामनगरची वानरं रानातल्या खाण्यावर जगणारी होती, तिथे कॅरोला बॉरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं, आणि पिल्लांवरचे हल्ले तिथेही दिसले. १९९९ मध्ये त्यांनी विष्ठेतून मिळवलेल्या डीएनएच्या आधारे दाखवलं की हल्ला करणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता. हर्डींच्या गणितासाठी नेमकी हीच गोष्ट खरी असायला हवी होती. मला यातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जे यांची कौकोरीची शांत वानरं गावाला लागून, शेतांमधून जगत होती. म्हणजे माणसाच्या शेजारी शांतता आणि रानात हिंसा, अशी जोडीही प्रत्यक्षात आढळली. ‘माणूस जवळ म्हणून वागणं बिघडलं’ हे एका वाक्यातलं स्पष्टीकरण दोन्ही टोकांना तुटतं. टोळीत नर किती, ताबा केव्हा बदलला, पिल्लं किती लहान, या गोष्टी पाहाव्याच लागतात. ज्या ठिकाणांना विस्कटलेली म्हणून हिणवलं गेलं त्यांनीच तो प्रश्न प्रथम दाखवून दिला, हे विसरता कामा नये.

चिंपांझींच्या बाबतीत असंच झालं, ते थोडक्यात सांगतो. गोंबेला केळी देऊन चिंपांझी जवळ आणले गेले होते. तिथे १९७४ ते १९७८ या काळात एका गटाने दुसरा गट जवळजवळ संपवला, तेव्हा दोष केळ्यांना दिला गेला. २०१४ मध्ये मायकेल विल्सन आणि त्यांच्या बऱ्याच सहलेखकांनी चिंपांझींच्या १८ गटांच्या दीर्घ नोंदी एकत्र करून १५२ हत्यांची छाननी केली. माणसाच्या हस्तक्षेपाच्या प्रमाणाशी हत्यांचा मेळ बसला नाही. नरांची संख्या आणि दाटी यांच्याशी बसला. इथे केळ्यांचा संशय खोटा ठरला, मंकी हिलवर कोंडण्याचा संशय खरा होता. दोन्ही ठिकाणी निवाडा मोजणीने झाला.

आता नुसता बचाव सोडून पुढे जाऊ. माणसाजवळचं माकड चालतं एवढंच माझं म्हणणं नाही. काही प्रश्न त्याच्याकडेच विचारावे लागतात. बॉनेट मकाकांच्या टोळीत साधारणतः बरेच प्रौढ नर असतात, आणि मकाकांच्या मानाने ते एकमेकांशी बरंच जमवून घेतात: जवळ बसतात, एकमेकांचं अंग साफ करतात, पोरांशी खेळतातही. बंदीपूर-मुदुमलैच्या पट्ट्यात अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र एकच प्रौढ नर असलेल्या टोळ्या आढळल्या, आणि पर्यटकांच्या खाण्याशी त्यांचा संबंध त्यांनी २००५च्या लेखात मांडला. खाणं एका जागी, ढिगाने आणि राखता येण्याजोगं आलं की नराला टोळी एकट्याने धरून ठेवणं परवडतं. मादींचं पाहिलं तर रानात विखुरलेली फळं-पानं वेचताना ज्या शेजारी शेजारी चालतात, त्यांच्यातच दिलेल्या खाण्याभोवती पाठलाग आणि दटावणी वाढते, आणि उतरंडीतली जागा एकदम महत्त्वाची होते. येऊरच्या रस्त्यावर रविवारी कुणी केळ्यांचा घड एका जागी ओतला की हे मिनिटाभरात दिसतं. तीच माकडं आडवारी उंबरावर असताना उतरंड आहे की नाही हेही पटकन सांगता येत नाही. जनुकं तीच, माकडं तीच, वेळ आणि मांडणी वेगळी. ‘स्वभाव’ म्हणून आपण जे एकच एक शोधत असतो तो खरं तर एक पल्ला असतो, आणि त्या पल्ल्याची दोन टोकं एकाच आठवड्यात दाखवणारी जागा दुर्गम जंगलात मिळत नाही.

मानवी उत्क्रांतीशी याचं नातं इथेच जुळतं. पुरातत्त्वातला एक मोठा प्रश्न आहे की माणसांमध्ये कायमची उतरंड केव्हा आली, आणि त्याच्या उत्तरांत साठवता-राखता येणारं अन्न वारंवार येतं. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात पाच खोल्यांचं एक घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार सापडलं, आणि म. के. ढवळीकर यांनी ते गावप्रमुखाचं असावं असं मानलं. माकडावरून इनामगावला उडी मारणं धोक्याचं आहे, मी ती मारत नाही. कोठार बांधणं, वारसा सांगणं, देवाच्या नावाने वाटा मागणं यातलं काहीच माकड करत नाही. पण अन्नाची मांडणी बदलली की नातेसंबंधांची मांडणी बदलू शकते, आणि त्यासाठी नवी जनुकं लागत नाहीत, एवढं तर रस्त्यावरच्या टोळीत डोळ्यांनी दिसतं. जपानमध्ये कोशिमा बेटावर संशोधकांनी स्वतःच रताळी टाकून माकडं जवळ आणली होती. १९५३ मध्ये ‘इमो’ नावाच्या लहान मादीने रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. रताळं माणसाचं होतं. पण ही युक्ती खेळगड्यांकडे आणि आईकडे गेली, थोराड नरांनी ती फारशी उचलली नाही, ही वाट माकडांची स्वतःची होती, आणि प्राण्यांमधल्या संस्कृतीची चर्चा तिथून सुरू झाली. बंदीपूरच्याच बॉनेट मकाकांबद्दल २०१८ मध्ये अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि सिन्हा यांनी नोंदवलं की काही माकडं माणसाकडे पाहत, हात पुढे करून आणि विशिष्ट आवाज काढून खाणं मागतात, आणि समोरच्याचं लक्ष आहे की नाही हेही पाहतात. भाषेच्या आधी हेतुपुरस्सर खूण असते की नाही हा उत्क्रांतीतला जुना प्रश्न. तो विचारायला समोर माणूस असलेलं माकडच हवं.

यावर जाणकार आक्षेप असा येतो की हे सगळं चिंपांझींबद्दल बोला, मकाक आपल्यापासून फार लांबचे. खरं आहे. आपली आणि मकाकांची वाट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी फुटली, चिंपांझींशी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. पण नात्यातली जवळीक हा तुलनेचा एकच आधार नव्हे. आज चिंपांझी आफ्रिकेच्या एका पट्ट्यात आहे. मकाक मात्र मोरोक्कोपासून जपानच्या बर्फापर्यंत आहेत, आणि माणूस सोडला तर इतक्या भूभागावर पसरलेला दुसरा प्रायमेट वंश नाही. नव्या ठिकाणी जाऊन तिथलं खाणं शिकणं, गर्दीत तगणं, दुसऱ्याने मोडलेल्या जमिनीवर बस्तान बसवणं, यांचा अभ्यास करायचा तर दूरचा पण आपल्यासारखा पसरलेला नातेवाईक उपयोगी पडतो. ॲलिसन रिचर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मकाकांच्या काही जातींना तणासारख्या जाती म्हटलं, त्यात बॉनेटही आहे. शिवी वाटते, पण होमो सेपियन्सचं वर्णन याहून अचूक कुणी केलेलं नाही.

राहतो तो आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: जवळचं माकड आपल्याला फार लवकर कळल्यासारखं वाटतं. चोर, दादा, बिच्चारी आई, ही नावं तोंडात तयार असतात. याला उपाय लांब जाणं हा नाही, कारण गोंबेतही मनं माणसाचीच होती. उपाय नोंदीच्या शिस्तीत आहे. जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की जे नजरेत भरतं तेच लिहीत गेलं तर मारामाऱ्या आणि प्रणय यांनीच वही भरते. म्हणून एकाच माकडावर ठरावीक वेळ नजर ठेवायची, मग ते झोपलं तरी तेच पाहायचं; किंवा ठरावीक मिनिटांनी टोळीभर नजर फिरवून कोण काय करतंय एवढंच लिहायचं. ‘रागावला’ हा शब्द तक्त्यात नसतो. ‘तोंड उघडून दात दाखवले’, ‘पाठलाग’, ‘जागा सोडली’ असतं. काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक ओळींत माकड बसलेलं असतं. आमच्यासारख्या जागी यात आणखी एक भाग वाढतो, माणसांचा: किती जण, गाड्या किती, काय दिलं, हातात दिलं की फेकलं, देणारा निघून गेला की थांबला. वार आणि वेळही. हा रकाना ज्या दिवशी कोरा राहतो, त्या दिवसाच्या बाकीच्या नोंदींना माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

मग माकडांना खायला घालू द्यावं का? अजिबात नाही. जे आहे त्याचा अभ्यास करणं म्हणजे त्याची भलामण नव्हे, आणि खाऊ घालण्याने टोळीतली भांडणं वाढतात हे ठामपणे सांगता येतं तेही अशा नोंदींमुळेच. बॉनेट मकाक भारतीय द्वीपकल्प सोडून जगात कुठेही नैसर्गिकरीत्या नाही. उत्तरेकडून ऱ्हीसस माकड त्याच्या मुलखात सरकत आलं आहे, आणि शहरांजवळ दिसतो म्हणून भरपूर वाटणारा हा प्राणी जागतिक यादीत आता संकटग्रस्ततेच्या पायरीवर आहे. राष्ट्रीय उद्यानात खायला घालायला मनाई आहे, ती पाळावी. पण घोडबंदर रस्त्यालगतच्या किंवा येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांना माझी आणखी एक विनंती आहे. ‘माकडांचा उपद्रव वाढला आहे, बंदोबस्त करावा’ एवढ्या ओळीचा अर्ज वनखात्याच्या फार उपयोगी पडत नाही. तारीख, वेळ, माकडं किती होती, त्यांत पिल्लं किती, काय नेलं, हे लिहा. आणि त्याआधी इमारतीत कुणी त्यांना खायला घालत होतं का, तेही लिहा. हा शेवटचा मुद्दा शेजारधर्मामुळे गाळला जातो. कामाचा सर्वांत जास्त तोच असतो.